सोळा सरावांचा आठवडा आणि अर्धे ताट

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील एका गावात राहतो. वय २० वर्षे आहे, घरी केळीची शेती आहे आणि गेली तीन वर्षे मी बॉक्सिंग खेळतो आहे. दिवाळीनंतरच्या स्पर्धांत ६० किलो वजनगटात उतरायचे आहे, म्हणून तीन महिन्यांपासून ताकद वाढवण्याच्या मागे लागलो आहे. रविवार सोडून रोज पहाटे आठ किलोमीटर धावतो, सोमवार ते शुक्रवार सायंकाळी दोन तास क्लबमध्ये सराव असतो, त्यातल्या चार दिवशी तिथून परतल्यावर रात्री गावातील जिममध्ये तासभर वजने मारतो आणि रविवारी स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत, करतो. वडिलांना शेतात मदत करावी लागते; कापणीच्या दिवशी चाळीस-पन्नास घड वाहून आणतो आणि रात्रीच्या विजेच्या आठवड्यात पाणी भरायलाही जातो. एवढे करूनही माझे वजन ६४ वरून ६१ वर आले, ठोशात जोर राहिलेला नाही, तिसऱ्या फेरीत पाय जड होतात, उजवे मनगट दुखते आणि महिन्यात दोनदा सर्दी-तापाने पडलो. आमचे घर माळकरी असल्यामुळे अंडी-मटण चालत नाही. जिममधले मित्र तीन हजारांचा पावडरचा डबा घ्यायला आणि आणखी एक दिवस वाढवायला सांगतात. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून झाल्यावर मी एक कागद घेतला आणि तुमचा आठवडा त्यावर मांडला. धावणे सहा वेळा, क्लबमधला सराव पाच वेळा, जिम चार वेळा आणि स्पारिंग एकदा, असे सोळा सराव सात दिवसांत बसवलेले आहेत आणि पूर्ण विश्रांतीचा एकही दिवस नाही. शिवाय शेतातले काम तुम्ही पत्रात सहज, जाता जाता सांगावे तसे लिहिले आहे, जणू ते शरीराच्या हिशेबात धरायचेच नसते. केळीचा घड सरासरी २० किलोंचा धरला आणि तुम्ही चाळीस घड सरीतून बांधापर्यंत खांद्यावरून आणले, तर त्या एका सकाळी तुमच्या पाठीने आणि पायांनी ८०० किलो वाहिलेले असतात. वजन उचलून चालण्याच्या व्यायामाला जिममध्ये ‘फार्मर्स वॉक’ असेच नाव आहे. तो व्यायाम तुम्ही बागेत करून येता आणि त्याच रात्री जिममध्ये पुन्हा पायांचा दिवस लावता. त्यामुळे तुमच्या मित्रांचा ‘आणखी एक दिवस वाढव’ हा सल्ला मी अगदी स्पष्ट शब्दांत नाकारतो. तुम्हाला सरावात भर घालायची नसून काटछाट करायची आहे, आणि ज्या दोन गोष्टी तुम्ही फावल्या वेळात उरकता, म्हणजे जेवण आणि झोप, त्यांना सरावाच्या बरोबरीने वेळापत्रकात जागा द्यायची आहे.

याचे कारण समजून घेतलेत तर हा बदल मनापासून कराल. वजन उचलताना स्नायूंवर ताण येतो, त्यांच्यातली साखर खर्च होते आणि मज्जासंस्थाही थकते. त्या क्षणी तुम्ही सकाळपेक्षा दुबळे झालेले असता. पुढच्या एक-दोन दिवसांत अन्न आणि झोप मिळाली तर शरीर ती झीज भरून काढते आणि थोडे अधिक बळकट होऊन उभे राहते. ती भरपाई पुरी होण्याआधी दुसरा, मग तिसरा घाव घातला की झीज साचत जाते. तुमच्या पत्रातल्या सगळ्या तक्रारी, म्हणजे उतरलेले वजन, जड पाय, वारंवार येणारी सर्दी आणि जोर गेलेला ठोसा, याच एका कारणाकडे बोट दाखवतात. मी स्वतः विशीत धुळ्याला सराव करत असताना हेच केले होते. जास्त घाम म्हणजे जास्त ताकद अशी माझी पक्की समजूत होती, आणि स्पर्धेला दहा दिवस राहिले असताना मी तापाने अंथरूण धरले. त्या वर्षी मी रिंगणात उतरलोच नाही. म्हणून तुमचे पत्र मी नुसते वाचून बाजूला ठेवू शकलो नाही.

आता बॉक्सिंगला कोणती ताकद लागते ते पाहू. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात आणि मध्ये एक मिनिटाची विश्रांती. ठोसा मागच्या पायाच्या चवड्यापासून निघतो, कमरेच्या वळणातून वर येतो आणि खांद्यातून मुठीपर्यंत पोहोचतो; दंड हा त्या साखळीतला शेवटचा दुवा आहे. ‘छाती-ट्रायसेप, पाठ-बायसेप’ अशी वाटणी करून हात थरथरेपर्यंत बारा-पंधरा आवर्तने (रेप्स) मारण्याचा जो प्रकार तुम्ही करता, तो शरीरसौष्ठवाचा आहे. त्याने स्नायू फुगतात आणि पुढचे दोन-तीन दिवस अंगही ठणकते, आणि ठणकत्या खांद्यांनी सायंकाळी पॅडवर मारलेले ठोसे सुटत नाहीत, ढकलल्यासारखे जातात. तुम्हाला हवे आहे ते जड वजन, थोडी आवर्तने आणि भरपूर विसावा : एका संचात, म्हणजे सलग एका दमात, तीन ते पाच आवर्तने, दोन संचांमध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती, आणि आणखी एक-दोन आवर्तने निघाली असती असे वाटत असतानाच थांबणे. अशा व्यायामात पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक जोरकसपणे कामाला लावू लागल्याने येते. तिच्यासाठी शरीर जाड व्हावे लागत नाही, म्हणून वजनगट सांभाळूनही ती वाढवता येते. आपल्याकडच्या आखाड्यांतले जोर आणि बैठका मला अतिशय प्रिय आहेत, परंतु दोनशे बैठका दम आणि चिवटपणा वाढवतात. जड वजनाचे काम त्यांनी होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

वेळापत्रक मी असे सुचवतो. रात्रीची जिम पूर्ण बंद करा. सोमवारी आणि शुक्रवारी पहाटेच्या धावण्याच्या जागी पाऊण तास वजने घ्या. सोमवारी खांद्यावर वजन घेऊन बैठक मारण्याचा स्क्वॉट, दांड्याला लटकून अंग वर ओढण्याचा पुल-अप आणि खांद्यावरून वर ढकलण्याचा प्रेस. शुक्रवारी जमिनीवरून वजन उचलण्याचा डेडलिफ्ट, उताणे झोपून वजन वर ढकलण्याचा बेंच प्रेस आणि वाकून ओढण्याचा रोइंगचा व्यायाम. दोन्ही दिवशी सुरुवातीला, अंग ताजे असताना, चार-पाच किलोंचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) कंबर वळवून भिंतीवर जोराने फेकण्याचे तीन संच करा. ठोशाचा वेग इथे तयार होतो, त्यामुळे दमल्यावर हा व्यायाम करण्यात काहीच अर्थ नाही. मंगळवारी अर्धा तास, शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या बेताने धावा. बुधवारी तीन मिनिटे वेगात आणि एक मिनिट हळू असे पाच वेळा धावा, म्हणजे फेरीची लय पायांत बसेल. गुरुवारी सकाळी झोपा. सायंकाळचा क्लबचा सराव पाचही दिवस राहू द्या, मात्र सोमवारी आणि शुक्रवारी तो तंत्रावर भर देणारा असावा अशी आपल्या प्रशिक्षकांना विनंती करा. ते या खेळातले आहेत, कारण सांगितलेत तर ऐकतील. शनिवार पूर्ण सुट्टीचा. रविवारचे स्पारिंग सध्या एका आड एका आठवड्याला पुरे. असे सोळाचे दहा सराव होतात, आणि स्पारिंग नसलेल्या आठवड्यात नऊच. दर चौथ्या आठवड्यात वजनांचे संच निम्म्यावर आणा. घड वाहून आणलेल्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी वजनांचा दिवस येत असेल, तर तो पुढे ढकला किंवा गाळा. ते काम बागेत झालेले आहे, त्याची नोंद वहीत ‘व्यायाम’ म्हणूनच करा.

जेवणाबद्दल मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण खरी उणीव तिथे आहे. तुम्ही सोबतच्या चिठ्ठीत दिवसाचे खाणे लिहिले आहे : सकाळी चहा-खारी, दुपारी तीन भाकऱ्या, भाजी आणि वाटीभर पातळ वरण, रात्री दहाला खिचडी. याची गोळाबेरीज केली तर प्रथिने जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास भरतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्या खेळाडूला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुमच्या ६१ किलोंना साधारण १०० ते १२० ग्रॅम. तुमचे ताट गरजेच्या निम्मे आहे, आणि जे तीन किलो कमी झाले त्यात स्नायूही गेलेले असणार.

ही तूट माळ न काढता भरून निघते, याबद्दल मनात शंका ठेवू नका. आपल्या खान्देशातल्या स्वयंपाकघराने याचे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळतात. ज्वारीत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते आणि ते उडदात भरपूर असते. उडदात जे कमी पडते ते ज्वारी देते, त्यामुळे दोन्ही मिळून प्रथिनांचा दर्जा वाढतो. घरी दळण करताना चार भाग ज्वारीला एक भाग उडीद असे प्रमाण ठेवा आणि दुपारची भाकरी रोज कळण्याची होऊ द्या. त्याशिवाय दिवसभरात ५० ग्रॅम उडदाची किंवा तुरीची डाळ घट्ट शिजवून घेतली तर ११-१२ ग्रॅम, मूठभर भिजवलेले हरभरे म्हणजे कोरडे ५० ग्रॅम घेतले तर १० ग्रॅम, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२-१३ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, वाटीभर दह्यातून सहा-सात ग्रॅम आणि ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरी आणि भातातले २५-३० ग्रॅम यात मिळवले की शंभराचा आकडा सहज ओलांडतो. डाळी-कडधान्यांची ही सगळी मापे शिजवण्यापूर्वीची आहेत. शिजलेली वाटीभर डाळ पाहून फसू नका, पातळ वरणात पाणीच अधिक असते. ही प्रथिने एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा चार वेळा, दर वेळी २०-३० ग्रॅम अशी वाटून घ्या.

प्रथिनांइतकेच महत्त्वाचे असते ते पिष्टमय अन्न, आणि त्याकडे जिममधली मुले हमखास दुर्लक्ष करतात. ठोसे मारताना जळणारे इंधन तेच आहे. जड दिवशी तुम्हाला किलोमागे पाच ते सहा ग्रॅम, म्हणजे ३०० ते ३६० ग्रॅम लागेल. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्यातल्या केळीच्या घरचा मुलगा सकाळी खारी खाऊन धावायला जातो, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम पिष्टमय भाग असतो. पहाटेच्या व्यायामापूर्वी एक, सायंकाळच्या सरावाआधी तासभर दोन, असा नेम करा. सराव संपल्याबरोबर खायला डब्यात शेंगदाणे-गुळाचे दोन लाडू आणि फुटाणे ठेवा आणि घरी आल्यावर, रात्री साडेआठच्या आत, भाकरी, घट्ट डाळ, भात आणि दही असे पूर्ण जेवण घ्या. रात्रीची जिम बंद करण्यामागे माझा हाही हेतू आहे.

तुमच्याकडे एकादशी पाळत असतीलच. ती महिन्यात दोनदा येते आणि तिथी आधी ठाऊक असते, त्यामुळे अडचण अशी नाही. त्या दिवशी वजने आणि स्पारिंग ठेवू नका. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, दूध, दही आणि केळी यांवर हलका सराव उत्तम निभतो. निर्जळी उपवास असेल तर मात्र सराव पूर्ण बंद ठेवा.

पावडरबद्दल थोडक्यात. व्हे म्हणजे दुधातलेच प्रथिन, एका मापात सुमारे २०-२५ ग्रॅम. त्यात अपाय नाही आणि जादूही नाही. वर सांगितलेले जेवण दोन महिने नेमाने घेतल्याशिवाय त्यावर तीन हजार खर्च करू नका. तेवढ्या पैशांत घरातल्या सगळ्यांसाठी दूध आणि सोया वड्या येतील. ‘मास गेनर’ म्हणून विकले जाणारे डबे तर बहुतांशी साखर आणि पिठूळ पदार्थांचे असतात. शिवाय पूरक पदार्थांत बंदी असलेली द्रव्ये मिसळलेली सापडतात, आणि चाचणीत दोष निघाला तर ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही. शरीरात काय गेले याची जबाबदारी नियमानुसार खेळाडूचीच असते. शाकाहारी माणसांत ब-१२ जीवनसत्त्व कमी असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून डॉक्टरांकडून ब-१२, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. सततचा थकवा कधी कधी तिथूनही येतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल लिहिले नाही तर हे उत्तर अपुरे राहील. चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो. आपण घामेजलोच नाही असे वाटते आणि शरीर मात्र आटत जाते. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलाच्या काळ्या टी-शर्टवर पाठीभर मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटलेल्या होत्या, वाळलेल्या डबक्याच्या काठासारख्या, एकीच्या बाहेर एक. मी त्याला सरावापूर्वी आणि सरावानंतर वजनकाट्यावर उभे केले. आधी ५८.४ किलो भरले, दोन तासांनी ५६.९. तो आनंदाने म्हणाला, ‘सर, दीड किलो चरबी गेली.’ चरबीचा त्यात संबंध नव्हता. ते दीड लिटर पाणी होते, त्याच्या वजनाच्या अडीच टक्के, आणि दोन टक्क्यांपुढे पाणी गेले की दम, वेग आणि लक्ष तिन्ही उतरणीला लागतात. तुम्हीही आठवडाभर असे वजन करून पाहा. जितके किलो कमी भरेल त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत थोडे थोडे करून प्या, आणि त्यात मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत असू द्या, कारण घामातून मीठही जाते.

याच कारणासाठी, वजनगट गाठायला प्लास्टिकचा सूट घालून उन्हात धावण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्या. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारी तीन तरुण मुले अशाच रीतीने घाम काढून वजन उतरवताना सुमारे पाच आठवड्यांच्या आत दगावली, आणि त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत असे सूट वापरण्यावर बंदी आली. पुढचे दोन महिने ६० चा आकडा विसरा. नीट खाऊन वजन ६३ वर स्थिरावले तर वजनगटाचा निर्णय प्रशिक्षकांबरोबर पावसाळ्यानंतर घ्या. तोवर भरपूर वेळ आहे.

झोपेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, हे मी जाणतो, कारण रात्रीची वीज तुमच्या हातात नाही. साधारणपणे आठ तासांची झोप तुम्हाला हवी आणि तुम्ही पाच तासांवर चालला आहात. रात्रीच्या पाण्याच्या आठवड्यात वजनांचा एकच दिवस ठेवा, पहाटेचे धावणे गाळा, दुपारी तास-दीड तास झोपा आणि स्पारिंग अजिबात करू नका. अर्धवट झोपेत हात वर यायला उशीर होतो आणि तो उशीर डोक्यावर बसणाऱ्या ठोशाने भरावा लागतो. स्पारिंगनंतर कधीही डोके दुखत राहिले, मळमळले किंवा गरगरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत ग्लव्हज चढवू नका. वडिलांशीही एकदा मोकळेपणाने बोला. मुलगा कामचुकारपणा करतो असे त्यांना वाटू नये म्हणून तुम्ही गप्प राहत असाल, तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या. पाळीपाळीने जाण्याची सोय भाऊबंदांत लावता आली तर महिन्यातल्या चार-पाच रात्री तरी तुमच्या पदरात पडतील.

मनगटासाठी तूर्त दोन आठवडे जड बॅगवर मारणे बंद ठेवा. पट्टी बांधताना मनगटाभोवती तीन-चार वेढे जास्त घ्या आणि ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर, मनगट सरळ ठेवून लागतो आहे ना, हे प्रशिक्षकांना समोर उभे राहून पाहायला सांगा. तरीही दुखणे थांबले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन एक्स-रे काढा. मनगटातल्या एका लहानशा हाडाची चीर नुसत्या हाताने तपासून कळत नाही आणि दुर्लक्षिली तर ती लवकर भरत नाही.

शेवटी, एक शंभर पानी वही करा. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजा आणि तो आकडा, झोपेचे तास, वजन आणि त्या दिवशीचे शेतातले काम अशा चार नोंदी करा. आठवडाभरात तुमचा नेहमीचा आकडा कळेल. त्याहून सात-आठ ठोके जास्त नाडी सलग दोन-तीन दिवस लागली, तर वेळापत्रकात काहीही लिहिलेले असो, त्या दिवशी सराव हलका करा. पहिले दोन आठवडे वजने मुळीच वाढवू नका, फक्त खा आणि झोपा. त्या दिवसांत चुकल्यासारखे वाटेल, पण क्लबमध्ये कोणी चिडवले तरी वेळापत्रक बदलू नका. सहा आठवडे झाले की त्या वहीतली पाने मला पाठवा, पुढची वजने आपण ती पाहून ठरवू.